हिनोकुराचं पाणी कुठे गेलं

सून म्हणून यामादोरी पाहुणघरात येऊन फुसाएला पाचच दिवस झाले होते, तेव्हा तिने सासऱ्याला विचारलं, "बाबा, हे पाणी येतं कुठून?"

सासरा, जिम्पाची, बायकांच्या कुंडाच्या काठावर उकिडवा बसला होता. बाही वर सारून कोपर पाण्यात बुडवायचं, डोळे मिटायचे, मनाशी काहीतरी ठरवायचं आणि मग उठून वरच्या पन्हळीतली लाकडी फळी बोटभर वर नाहीतर खाली करायची, हे त्याचं रोज सकाळचं काम. थर्मामीटरला त्याने उभ्या जन्मात हात लावला नव्हता. सुनेकडे न बघताच तो म्हणाला, "खालून."

"खालून म्हणजे?"

"जमिनीतून."

"ते कळलं हो. पण जमिनीत गेलं कुठून? तापतं कशानं? आणि एवढं वाहून संपत कसं नाही?"

जिम्पाचीने कोपर बाहेर काढलं आणि या नव्या मुलीकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून हे पाणी राखतोय. चाळीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नाही. साकातात पोरींना हेच शिकवतात काय?"

"साकातात मासे विकायला शिकवतात," फुसाए म्हणाली. "पण मासा कुठल्या पाण्यातला हे सांगता आलं नाही, तर गिऱ्हाईक पाठ फिरवतं."

जिम्पाची हसला नाही. फळी बोटभर खाली करून निघून गेला.

फुसाए समुद्रकाठची. बापाचं साकाता बंदरात मासळीचं दुकान. लहानपणापासून तिच्या तोंडाला प्रश्नांचा चाळाच होता. मासा पाण्यात झोपतो का, भरतीचं पाणी ओहोटीला कुठे जाऊन बसतं, वारा सुटायच्या आधी मांजर का बिथरतं. तिची आई म्हणायची, हिला नवरा शाळामास्तर बघा, उत्तरं देऊन देऊन दमेल तरी. मिळाला तो कानिची, यामागाताच्या डोंगरातल्या पाहुणघराचा एकुलता एक मुलगा. स्वयंपाकात तरबेज, बोलण्यात काटकसरी. त्याची आई आदल्याच वर्षी वारली होती आणि पाहुणघर मालकीणबाईशिवाय चालत नाही. त्यामुळे चोविसाव्या वर्षी, लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात, फुसाए दारात गुडघे टेकून पाहुण्यांना म्हणू लागली, "या, या. दमून आला असाल."

हिनोकुराच्या खोऱ्यात पाहुणघरं तीनच. यामादोरी मधलं. अकरा खोल्या, दोन मजले, मागच्या बाजूला लांबच लांब पडवी. तिथे शेतीची कामं संपवून आलेले म्हातारे-म्हाताऱ्या पंधरा-पंधरा दिवस राहायचे, आपापला भात आपण शिजवायचे आणि दिवसातून चार वेळा कुंडात बसून अंग शेकायचे. फुसाएने सगळं अंगवळणी पाडून घेतलं. कुठल्या पाहुण्याला जाड गादी लागते, कोणाला न्याहारीला नदीतला मासा काट्यासकट चालतो, कोणाशी बोलायचं, कोणाला एकटं सोडायचं. पण हात रिकामे झाले की ती कुंडाशी. पाण्यावर पांढऱ्या साईसारखे पापुद्रे तरंगायचे ते कधी जास्त, कधी कमी. वादळ यायच्या आदल्या दिवशी गंधकाचा वास जिन्यापर्यंत चढायचा. एप्रिलमध्ये बर्फ वितळायला लागलं की पाणी तीन दिवस गढूळ, मग पुन्हा नितळ. हे सगळं ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, तारखेखालच्या रिकाम्या जागेत, बारीक अक्षरात लिहायची.

"लोक कॅलेंडर बघून सण पाळतात," कानिची मासे साफ करता करता म्हणायचा. "आमच्याकडे पाण्याची नाडी बघतात."

"नाडी बघितलेली बरी. आजारी पडलं तर कळेल."

"पाणी कसलं आजारी पडतंय?"

एकच जागा तिने कधी पाहिली नव्हती. डोंगराच्या उतारावर, पाहुणघराच्या शंभर-सव्वाशे पावलं वर, फळ्यांची एक खोपटी होती. आत उगम. दाराला गवताची पवित्र दोरी आणि कुलूप. आत जाणारा माणूस एकच, जिम्पाची.

"बायकांनी जायचं नाही का तिथे?" तिने एकदा विचारलं होतं.

"बायका-पुरुष काही नाही," जिम्पाची म्हणाला. "राखणदाराने जायचं. तुझ्या नवऱ्यालाही मी नेलेलं नाही."

अशी एकतीस वर्षं गेली. मुलगी झाली, मोठी झाली, सेंदाईला नर्स झाली. कॅलेंडरांचा गठ्ठा माळ्यावर चढत गेला.

मग एका जूनमध्ये, सकाळी, न्याहारीची ताटं वर नेत असताना, भूकंप झाला. जिन्यावर उभ्या असलेल्या फुसाएच्या हातातलं ताट तसंच राहिलं, पण वाट्या सगळ्या खाली. पाहुणघर कुरकुरलं, डुललं आणि उभं राहिलं. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. सगळे अंगणात जमले, एकमेकांच्या डोक्यावरची धूळ झटकली, हसलेही थोडे. फुसाए मात्र धावत कुंडाशी गेली. पाणी राखेसारखं करडं झालं होतं.

तीन दिवसांनी ते निवळलं. पण पन्हळीचा आवाज बदलला होता. पूर्वी जिथे दोघांना ओरडून बोलावं लागायचं, तिथे आता कुजबुजलेलं ऐकू यायचं. ऑगस्टपर्यंत धार निम्म्यावर आली. ऑक्टोबरात बायकांचं कुंड, जे पन्हळीच्या शेवटच्या टोकाला होतं, कोमट पडलं. एक पाहुणी अंगाला टॉवेल गुंडाळून बाहेर आली आणि फार गोड आवाजात म्हणाली, "मालकीणबाई, आज पाणी तापवायचं राहिलं वाटतं?" फुसाएला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिम्पाची तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचा. गुडघे गेलेले. उतार चढणं बंद होऊन वर्ष झालं होतं आणि तेव्हापासून उगमाकडे कोणी फिरकलंच नव्हतं. कानिचीला जा म्हटलं की तो म्हणायचा, बाबांनी सांगितलं तर जाईन. बाबा काही सांगत नव्हते. एका सकाळी न्याहारीला फुसाए बसली, तर तिच्या भाताच्या वाडग्याशेजारी एक गंजकी किल्ली ठेवलेली. समोर जिम्पाची मुळ्याचं लोणचं चावत होता, जणू किल्ली आपोआप चालत आली होती.

"बाबा?"

"सूप निवतंय तुझं," जिम्पाची म्हणाला.

ती त्याच सकाळी वर गेली. खोपटीत अंधार, वाफ, आणि दोन खडकांच्या फटीतून उसळणारं पाणी. एवढंसं. तीस वर्षं ज्याचा विचार केला ते गुडघ्याएवढ्या उंचीच्या कपारीतून येत होतं, आणि तरी ती तिथे किती वेळ बसून राहिली ते तिचं तिलाच कळलं नाही. खाली आली तेव्हा जिम्पाची दारातच उभा होता.

"हात किती वेळ ठेवता आला?"

"तीन मोजेपर्यंत."

"मग होतं तेवढंच कडक आहे. तीनच मोजता यायचे." तो कोड्यात पडला. "मग खाली गार का?"

"कडक आहे, पण थोडं आहे," फुसाए म्हणाली. "थोडं पाणी एवढ्या लांब पन्हळीतून येताना वाटेतच निवतं. बाबा, पाणी आटलं असतं तर गारही झालं असतं ना? हे आटलेलं नाही. निम्मं दुसरीकडे गेलंय."

"कुठे?"

पाण्याचं सगळं ज्याला ठाऊक, तो आज तिला विचारत होता. फुसाए वळून डोंगराकडे बघू लागली.

नोव्हेंबरात खालच्या गावातला बोअरवाला ओनोदेरा आला. जाडजूड, मोठ्या आवाजाचा, मनाने चांगला माणूस. त्याने उतारावर दोन फेऱ्या मारल्या, चहा प्यायला आणि म्हणाला, "आठशे मीटर खाली जाऊ. तिथे कुठलं तरी गरम पाणी लागणारच."

"कुठलं तरी म्हणजे कोणाचं?" फुसाएने विचारलं.

"म्हणजे?"

"वरच्या पाहुणघराचं पाणी त्याच डोंगरातून येतं. आपण खालून ओढलं तर त्यांचं जाईल का?"

ओनोदेराने डोकं खाजवलं. "वहिनी, खोटं कशाला सांगू? जाईलही. नाहीही जाणार. जमिनीच्या पोटात कोण बघायला गेलंय?"

बर्फ वितळल्यावर ठरवू, असं म्हणून विषय तिथेच थांबला. तोवर कानिचीने बायकांच्या कुंडाला घासलेटचा बंब जोडून टाकला. फुसाएला तो बंब डोळ्यांसमोर नकोसा होई, पण पाहुण्यांना थंडीत बसवणार कसं?

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात इत्सुनो आजी आली. खाली सपाटीवरच्या गावात तिच्या सफरचंदाच्या बागा. वय एकोणऐंशी, पाठ वाकलेली, जीभ धारदार. सफरचंदं पेट्यांत भरून गेली की दरवर्षी ती पाठीवर तांदळाची पिशवी, हातात लाल सलगमाच्या लोणच्याची बरणी घेऊन यायची आणि पडवीतली शेवटून दुसरी खोली धरायची. सामान टाकून ती थेट कुंडात गेली आणि पाच मिनिटांत बाहेर आली.

"फुसाए, हे पाणी तापवलेलं आहे."

"आजी, पावलं भिजवल्या भिजवल्या कळलं?"

"पावलांना नाही, गुडघ्याला. डावा गुडघा फसत नाही. नवरा फसवून गेला, जावई फसवून गेला, गुडघा नाही. काय झालंय, सांग बघू."

फुसाएने सगळं सांगितलं. सांगायला कोणीतरी भेटलं म्हणून जरा जास्तच सांगितलं. आजी शेगडीवर भात ठेवून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "आणि शोधलंस कुठे?"

"सगळीकडे. ओढ्यात, खडकांत. पण ऑक्टोबरातही रान एवढं माजलेलं, पुढचं पाऊल दिसत नाही. आता तर सगळं बर्फाखाली."

"बर्फाखाली आहे म्हणून तर दिसेल." आजीने पळी हवेत फिरवली. "माझ्या बागेत जमिनीखालून मातीचे नळ आहेत. एखादा फुटला तर उन्हाळ्यात डोकं आपटलं तरी सापडत नाही. मी बर्फ पडायची वाट बघते. पहिल्या मोठ्या बर्फाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन तिरपं असताना, बागेकडे बघायचं. जिथे पाणी झिरपतं तिथे बर्फ खचतं. साधं झिरपलेलं पाणी एवढं करतं. तुमचं तर कढत आहे."

फुसाए तिच्याकडे बघतच राहिली. "आजी, तीस वर्षं येताय. हे आधी का नाही बोललात?"

"तू तीस वर्षं विचारत होतीस की पाणी येतं कुठून. कुठे गेलं हे आज विचारलंस."

दोन दिवस बर्फ कोसळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतून अख्खा उतार दिसतो, म्हणून आजीला तिथे खिडकीत बसवलं. अंगावर कापसाचा जाड अंगरखा, मांडीवर गरम पाण्याची पिशवी, हातात लाल रुमाल. रुमाल उजवीकडे हलवला की उजवीकडे, डावीकडे तर डावीकडे, वर धरला की थांब. फुसाएने बर्फात पाय रुतू नयेत म्हणून पायांना वेताच्या जाळ्या बांधल्या आणि ती कंबरभर बर्फातून निघाली.

"अगं, पाहुण्यांची न्याहारी!" कानिची स्वयंपाकघराच्या दारातून ओरडला.

"तुम्ही वाढा! गोड बोलून वाढा!"

खिडकीतून आजीला उतारावर एक फिकट सावली दिसत होती. घळीच्या पलीकडे, मोठ्या बीच झाडाच्या बुंध्याशी, बशीएवढा खोलगट भाग. ती रुमाल डावीकडे हलवत राहिली. फुसाए डावीकडे सरकत राहिली. मध्येच कानिचीने आजीला चहा आणून दिला, आजीने रुमाल खाली ठेवला, फुसाएला वाटलं खाली जायला सांगतायत. ती चांगली वीस पावलं घळीत उतरली. आजीने वर बघितलं आणि चहासकट खिडकीतून ओरडली, "अगं बये, तिकडे कुठे! वर, वर!"

"रुमाल नीट धरा की मग!"

"चहा गार होतोय माझा!"

अंगणात उभे असलेले चार पाहुणे हे बघून हसू लागले. त्यातल्या एकाने फोटोही काढला. तो आजही जिन्याशेजारी लावलेला आहे. पांढऱ्या उतारावर एक ठिपका आणि खिडकीतून बाहेर आलेला लाल रुमाल धरलेला हात.

घळ ओलांडून फुसाए बीचपाशी पोचली आणि जागच्या जागी थबकली. खोलगट भागात बर्फच नव्हतं. काळी ओली माती, हिरवंगार शेवाळ, डिसेंबरात ताजे नेचे. आणि मधोमध एक करडा दगड. दगडाने मान वळवली. तो कामोशिका होता, डोंगरातला केसाळ रानबोकड. चारी पाय उबेत रोवून, पोटाखालून वाफ घेत तो उभा होता आणि आगाऊ न कळवता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा तिच्याकडे बघत होता.

फुसाएच्या तोंडून सवयीने गेलं, "या, या. दमून आला असाल." आणि ती कमरेत वाकली.

रानबोकडाने थोडा विचार केला आणि घाई न करता झाडीत निघून गेला. त्याच्या खुरांच्या ठशांत पाणी भरत होतं. फुसाएने हातमोजा काढला आणि मातीत बोटं खुपसली. एक, दोन, तीन, चार. चारला हात ओढावा लागला. मग तिने बोट चाटलं. चव ओळखीची नव्हती. जीभ चावल्यावर तोंडात येते तशी. तिला हसू फुटलं आणि लगेच प्रश्नही पडला, हे आपलंच पाणी ना?

याचं उत्तर एकच माणूस देऊ शकत होता. पण जिम्पाचीला हे कसं सांगायचं, याचा घोर तिला उतार उतरेपर्यंत लागला. राखणदाराला न विचारता सुनेने डोंगर धुंडाळला होता, तेही सगळ्या पाहुण्यांच्या समोर.

जिम्पाचीने ऐकून घेतलं. मग मुलाला म्हणाला, "पाठचौकट काढ."

"बाबा, बर्फ कंबरभर आहे!"

"तुझ्या कंबरेला आहे. मी वर बसणार आहे."

लाकडं वाहायच्या पाठचौकटीला घोंगडं बांधलं, त्यावर बापाला बसवलं आणि कानिची फुसाएच्या पावलांनी पाडलेल्या वाटेने निघाला. पुढे ती, मागे धापा टाकणारा नवरा, पाठीवर उलट्या तोंडाने बसलेला सासरा. तो बर्फाच्छादित पाहुणघराकडे बघत सूचना देत होता, "हळू. मी काही मुळ्यांचं गाठोडं नाही."

बीचखाली त्याला शेवाळावर बसवलं. फुसाएने फावड्याने माती उकरून वाडग्याएवढा खड्डा केला होता, तो आता भरून वाहत होता. जिम्पाचीने बाही वर सारली, कोपर बुडवलं, डोळे मिटले. वारा पडला होता. झाडावरून बर्फाचा एक लोट धपकन खाली आला, तरी तो हलला नाही.

"आपलंच आहे," अखेर तो म्हणाला. "वेगळ्या वाटेनं आलंय. वाटेत लोखंड खाल्लंय, म्हणून चव बदलली."

"कशावरून, बाबा?"

"कोपराला कळतं. कशावरून ते मला सांगता येत नाही." त्याने कोपर तसंच पाण्यात ठेवलं. मग म्हणाला, "मीपण विचारलं होतं. तेरा वर्षांचा असताना, माझ्या बापाला. की हे येतं कुठून. तो म्हणाला, खालून. मी म्हटलं, खालून म्हणजे? त्याने असं बघितलं माझ्याकडे की पुढे तोंड उघडायची हिंमत झाली नाही. पुढे मी राखणदार झालो. लोकांना वाटायचं मला माहीत आहे. मलाही वाटायला लागलं." तो सुनेकडे वळला. "तू आलीस आणि पाचव्या दिवशी तेच विचारलंस. काय सांगणार होतो? मला येत नव्हतं उत्तर."

कानिची, जो दिवसाला दहा वाक्यंही बोलत नसे, बर्फात फतकल मारून बसला होता. तो म्हणाला, "म्हणजे एवढी वर्षं मला वर नेलं नाहीत ते यासाठी?"

"तू कधी विचारलंच नाहीस," जिम्पाची म्हणाला. "ज्याला विचारायचं नाही, त्याला दाखवून काय करू?"

मे महिन्यात बर्फ उतरल्यावर काम सुरू झालं. बोअर मारायची गरज उरली नव्हती, तरी ओनोदेरा आपली माणसं आणि दोरखंड घेऊन आला. "आठशे मीटर वाचवले माझे, निदान साठ पावलं तरी करू दे," असं म्हणत त्याने घळीवरून देवदाराच्या पन्हळी टाकल्या. वरच्या पाहुणघरातले बाप-लेकही कुदळी घेऊन आले. आपलं पाणी वाचलं हे त्यांना कोणी सांगायला गेलं नव्हतं, पण डोंगरात अशा गोष्टी कळतात. जूनच्या सुरुवातीला दोन्ही धारा एकत्र झाल्या आणि कुंडाशी पुन्हा ओरडून बोलावं लागू लागलं. बंब काढून कानिचीने तो मागच्या अंगणात ठेवला. त्याच्यावर आता मिरच्या वाळतात.

पण पाणी पहिल्यासारखं झालं नाही. सकाळी नितळ असायचं, दुपारपर्यंत हवा लागून चहासारखं लालसर. पांढरे पापुद्रे कमी झाले. जुने पाहुणे नाकं मुरडायला लागले. सगळ्यात मोठी पंचाईत टॉवेलांची. पांढरेशुभ्र टॉवेल तीन धुण्यांत बदामी पडायचे आणि कितीही उकळले तरी डाग जात नसे. फुसाएने आठवडाभर डाग काढायचा प्रयत्न केला आणि मग उलटा विचार केला. घरातले सगळे टॉवेल तिने एकदमच दोन दिवस कुंडात भिजत घातले. एकसारख्या खडकाच्या रंगाचे झाले. पाहुणे विचारू लागले, हे कुठे मिळतात?

त्या डिसेंबरात इत्सुनो आजी आली, नव्या पाण्यात अर्धा तास बसली आणि लालबुंद होऊन बाहेर आली.

"काय म्हणतो गुडघा?"

"म्हणतो, पूर्वीच्या पाण्यापेक्षा हे थोडं बोलकं आहे."

भूकंपाने खोऱ्यातल्या झऱ्यांवर काय परिणाम झाला हे बघायला पुढच्या वर्षी विद्यापीठातून एक तरुण संशोधक बाई आली. कुमागाई तिचं नाव. तिने दोन्ही उगमांतून बाटल्या भरल्या आणि निघताना विचारलं, पूर्वीच्या काही नोंदी आहेत का? फुसाए लाजत माळ्यावर गेली आणि बत्तीस कॅलेंडरं घेऊन आली. कुमागाई बाई त्यांच्यात अशी बुडाली की तिची संध्याकाळची बस चुकली. तिला मुक्काम करावा लागला, आणि जेवताना तिच्या एका प्रश्नाला फुसाए चार प्रश्न विचारत होती.

पाच महिन्यांनी तिचं पत्र आलं. फुसाएने ते सासऱ्याच्या बिछान्याशेजारी बसून मोठ्याने वाचलं. डोंगरावर पडणारं बर्फ आणि पाऊस जमिनीत मुरतो, खोल जातो, तापतो आणि पुन्हा वर येतो. बाईंच्या अंदाजाने हिनोकुराच्या पाण्यात निरनिराळ्या वयाचं पाणी मिसळलेलं होतं. काही चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं. काही त्याहून कितीतरी जुनं, किती जुनं हे तिच्या यंत्रांनाही सांगता येत नव्हतं. शेवटी तिने लिहिलं होतं, 'यापेक्षा नेमकं उत्तर देता येत नाही, क्षमस्व.'

फुसाएला त्या क्षमस्वचं फार नवल वाटलं. एवढं शिकलेल्या बाईलाही पूर्ण येत नाही, आणि ती तसं लिहून कळवते!

जिम्पाची डोळे मिटून हिशोब करत होता. "साठ सालच्या आसपासचं बर्फ. त्या सुमाराला एका हिवाळ्यात एवढं पडलं होतं की आम्ही वरच्या मजल्याच्या खिडकीतून ये-जा करायचो. छपरावरचं मीच फावड्याने ढकलायचो. दिवसातून तीनदा. शिव्या देत." तो हळूच हसला. "ते आत्ता येतंय होय?"

"थोडंफार तेच असेल, बाबा."

"मग जरा जपून बसा त्यात. मी फार शिव्या घातल्यात त्याला."

तो त्यानंतर दोन वर्षं जगला. रोज सकाळी फुसाए दोन्ही उगमांवर जाऊन यायची आणि त्याला आकडा सांगायची, इथे तीन, तिथे चार. तो मान डोलवायचा. शेवटच्या थंडीत त्याला उठवत नव्हतं, तेव्हा ती परातीत पाणी आणून त्याचं कोपर बुडवायची. तो गेल्यावर खोऱ्यातल्या तिन्ही पाहुणघरांची माणसं जमली. आता राखणदार कोण, असं कोणी विचारलंही नाही. वरच्या घरच्या म्हाताऱ्याने फक्त एवढंच म्हटलं, "फुसाएताई, आमच्याही उगमाकडे अधूनमधून बघून जा."

इत्सुनो आजी अठ्ठ्याऐंशीव्या वर्षापर्यंत येत राहिली. आता तिची नात येते, बागेतली कामं संपवून. तिचे गुडघे ठणठणीत आहेत. ती नुसतीच पाण्यात बसते आणि खूप बोलते.

फुसाए आता सत्तरीच्या पुढे गेलीय. मागच्या थंडीत ओनोदेराचा फोन आला. दोन डोंगर पलीकडच्या खोऱ्यात एका घराचं पाणी अचानक बंद झालं होतं. ते लोक बोअर मारायला निघाले होते आणि ओनोदेराने स्वतःच त्यांना थांबवलं होतं. "म्हटलं, आमच्याकडे एक वहिनी आहेत, आधी त्यांना बघू दे. चुकलं का माझं?"

"धंदा बुडवणार तुम्ही स्वतःचा," फुसाए म्हणाली आणि वेताच्या जाळ्या पिशवीत भरल्या.

दोन बस बदलून ती तिथे गेली. दोन दिवस बर्फात फिरली. तिथली सून, हारुए नावाची, तिच्या मागे-मागे. बर्फ सगळीकडे सपाट होतं. एकही खळगा नाही, एकही ओला बुंधा नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फुसाएने त्या घरातल्या सगळ्यांसमोर बसून सरळ सांगितलं, "मला सापडलं नाही. आहे की नाही हेही मला माहीत नाही. बोअर मारायचा तर आधी शेजाऱ्यांना विचारून मारा."

घरातल्या लोकांनी वाकून आभार मानले. हारुए बस थांब्यापर्यंत सोडायला आली. बस दिसायला लागली तेव्हा ती म्हणाली, "ताई, एक विचारू? आमचं पाणी बंद व्हायच्या आधी आठ दिवस विहिरीतले बेडूक बाहेर आले होते. भर थंडीत. त्याचा काही संबंध असेल का?"

फुसाएने पिशवी खाली ठेवली. "किती बेडूक? कुठल्या बाजूला गेले?"

ती बस गेली. पुढची दोन तासांनी होती. दोघी थांब्यावरच्या बाकावर बसल्या आणि हारुए आठवून आठवून सांगू लागली.